मिश्रीचा रकाना

आमच्या घरी किराण्याची यादी सहा रकान्यांची असते. धान्य, डाळी, तेल-मसाले, चहा-साखर, धुणं-भांडी आणि शेवटचा दात-आंघोळ. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी ही पद्धत घातली आणि सव्वीस वर्षांत तिच्यात बदल करायची वेळ आली नाही. शेवटच्या रकान्यात अंगाचा साबण, खोबरेल, टूथपेस्ट आणि सगळ्यात खाली 'आत्तींची मिश्री, दोन पुडे'. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढं, दात अजून अठरा, आणि ते मिश्रीमुळंच टिकले असं त्यांचं ठाम मत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सामान आलं की ते पुडे फोडून त्यांच्या पितळी डबीत ओतायचं कामही माझंच.

मी कोल्हापुरात राहते आणि शहराबाहेर, गडमुडशिंगीच्या वाटेवरच्या एका हायस्कूलमध्ये मुख्य लिपिक आहे. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी व्यसनमुक्तीच्या उपक्रमाची फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. शिक्षकांपैकी कुणाला का दिली नाही, असं मी विचारलं नाही. माझ्या टेबलावरची फाईल काम झाल्याशिवाय कपाटात जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कामही निकडीचं होतं. शाळेच्या मागच्या भिंतीवर माव्याच्या पिचकाऱ्यांचे ओघळ होते. नववी-दहावीची मुलं मधल्या सुट्टीत टपरीवर जाऊन तोंड भरून येत, आणि हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करत. त्यातली दोघं तर उसाच्या फडात बियर पिताना सापडली होती.

पहिल्या आठवड्यात मी यादी केली. नक्की काय काय बंद करायचं ते आधी कागदावर पाहिजे. विडी, सिगारेट, तंबाखूची पुडी, गुटखा, मावा, खैनी, हुक्का, बियर, दारू, गांजा आणि नशेसाठी घेतलेली औषधं. अकरा नावं झाली. शाळेत दाखवायला एक तक्ताही केला. भिंतीलगत पडलेले रिकामे पुडे गोळा करून, त्यांच्यावरचं सडलेल्या तोंडाचं चित्र वर येईल असे चिकटवले. गेटवरच्या फलकावर पेंटरकडून अकरा नावं रंगवून घेतली. ओळी मोजून दिल्या होत्या, त्यामुळं फलक खालपासून वरपर्यंत बरोबर भरला. मला समाधान वाटलं.

दुसरं काम पिवळ्या रेघेचं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा नियम. मी आणि शिपाई टेप घेऊन रस्ता मोजत होतो तेव्हा पारावरच्या एका आजोबांनी हाक मारली, "काय पावणं, आणि काय मोजायला लागलासा? इमानतळाला जागा कमी पडली व्हय?"

विमानतळासाठी आमच्या भागातल्या जमिनी गेल्या आहेत. तेव्हापासून टेप दिसला की माणसं आधी सातबारा आठवतात. मी त्यांना सांगितलं, जमीन कुणाची जात नाही, फक्त टपरी सरकणार आहे.

टपरीवाला म्हणाला, "मॅडम, रेघ माझ्या दुकानाच्या पोटातनं गेलीया. जरा वाकवा की तिला."

"रेघ वाकत नाही. टपरीला चाकं आहेत."

"चाकं हायत, पण ती पाच वर्सं फिरली न्हाईत."

ती फिरवली बचत गटाच्या अध्यक्षांनी. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं, मीही म्हणते. दोन म्हशी, दीड एकर ऊस आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. त्या टपरीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळी ही टपरी रेघेच्या भाईर दिसली न्हाय, तर माझ्या म्हशी आणून हितंच बांधतो. मग वीक शेण." दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी रेघेबाहेर होती. माझ्या कार्यक्रमाला अशी एक बाई पुरेशी होती. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत नववीला. कबड्डी खेळायची, चढाईला गेली की परत येताना समोरच्या दोघींना ओढत आणायची.

गावची तालीमही आमच्या बाजूनं उतरली. मावा खाणाऱ्याला लाल मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, असा नियम वस्तादांनी केला आणि पाळला. सहा महिन्यांत मागची भिंत चुन्यानं पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. मी वहीत एकेका कामापुढं खूण करत गेले.

मुलांना काही विचारायचं असेल तर नाव न लिहिता चिठ्ठी टाकायला जिन्याखाली एक पेटी ठेवली होती. किल्ली फक्त माझ्याकडं. शुक्रवारी पेटी उघडायची, शनिवारी सूचना फलकावर उत्तरं लावायची. एका शुक्रवारी एक चिठ्ठी निघाली. अक्षर डावीकडं कललेलं, घाईचं. 'मिश्री घासली नाही तर डोकं दुखतं. काय करायचं?'

मी ती बाजूला ठेवली आणि शनिवारी उत्तर लावलं, 'हा दाताचा प्रश्न आहे. आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावा.' विषय वेगळा, फाईल वेगळी. माझ्या मनात तेव्हा तसूभरही शंका नव्हती, हे लिहून ठेवायला हवं.

पुढच्या शुक्रवारी त्याच अक्षरात दुसरी चिठ्ठी. 'गेटवरच्या बोर्डावर मिश्री न्हाय. म्हंजे ती चालती का?'

ही चिठ्ठी मी पर्समध्ये घालून घरी नेली. आत्ती मागच्या पायरीवर बसून तर्जनीनं दात घासत होत्या. संध्याकाळची, म्हणजे दिवसातली त्यांची ती तिसरी वेळ.

"आत्ती, मिश्री कशाची करतात हो?"

त्यांनी तोंडातलं बोट काढलं आणि बाजूला पिंक टाकली. "तंबाकूची. मग काय पेढ्याची करत्यात?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला न्हाय तर कुणाला? तू लगीन हून आलीस तवा तव्यावर मीच भाजत हुतो की. तुला ठसका लागून तू भाईर पळायचीस. इसारलीस?"

विसरले नव्हते. जळक्या तंबाखूचा तो वास, डोळ्यांतून येणारं पाणी, सगळं आठवत होतं. पुढं तयार पुडे मिळायला लागले, तवा बंद झाला आणि मिश्री माझ्या यादीत टूथपेस्टच्या खाली जाऊन बसली. मी उठून फडताळातला न फोडलेला पुडा काढला. त्याच्यावर तेच सडलेल्या तोंडाचं चित्र होतं. शाळेच्या तक्त्यासाठी असली चित्रं मी स्वतः खळ लावून चिकटवली होती, आणि घरात दर महिन्याला तेच चित्र फाडून आतली पूड डबीत ओतत होते.

"एवढी गावाला शाणपण शिकवतीस," आत्ती म्हणाल्या, "आणि मला दर म्हैन्याला आणून देतीस. मला वाटलं, सूनबाईनं म्हातारीला सूट दिलीया."

मी त्या रात्री फार विचार करत बसले नाही. चूक सापडली की आधी दुरुस्ती, असा माझा शिरस्ता. पण दुरुस्ती कुणाची करायची ते कळत नव्हतं. चिठ्ठीला नाव नव्हतं.

नाव सोमवारी आपल्या पायांनी आलं. वहिनींची मुलगी ऑफिसच्या दारात उभी. जिल्ह्याच्या कबड्डी संघाच्या निवडीसाठी कबनूरला आठ दिवसांचं निवासी शिबिर होतं आणि शाळेतून तिचं एकटीचं नाव गेलं होतं.

"मॅडम, माझं नाव काढा शिबिरातनं."

"का गं?"

"न्हाय जमत."

"काढायचं तर अर्ज लागेल. बस, लिही."

ती समोर बसून लिहायला लागली. अक्षर डावीकडं कललेलं. मी तिचा अर्ज पुरा होऊ दिला, हातात घेतला आणि पेपरवेटखाली ठेवला. दार लोटून घेतलं.

"फलकावर मी जे उत्तर लावलं ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "मिश्री चालत नाही. ज्या कुणी विचारलं होतं, तिला मला हे सांगायचं होतं."

ती टेबलाची कड नखानं खरवडत होती. मग एकदम बोलायला लागली आणि थांबेचना. पाचवीत दाढ दुखायची, तेव्हा आईनं बोटानं मिश्री लावली. दुखणं थांबलं. परत दुखली, परत लावली. आईला वाटतंय, सहावीतच सुटली. पण ही आईच्या डबीतनं रोज घेत होती. सकाळी, शाळेला यायच्या आधी आणि खेळून आल्यावर.

"घासली न्हाय की डोकं उठतंय. संडासलाबी हुईत न्हाय. मी दोनदा सोडून बघितलो, दोन दिसाच्या वर न्हाय जमलं. तिथं एका खोलीत धा-बारा पोरी असत्यात. पाच वाजता उठवत्यात. मी कुठं जाऊन घासू? आणि न्हाय घासलो तर पळू कशी?"

"आईला सांगितलंस?"

"आईला?" ती जवळजवळ ओरडलीच. "मॅडम, तिनं टपरी हलवलीया. गावात कुणी म्हणालं की हिच्याच घरात पोरगी तंबाकू लावतीया, तर तिची मान खाली जाईल. तुमी सांगू नका. शप्पत घ्या."

मी शपथ घेत नाही, पण शब्द दिला. कॅलेंडर बघितलं. शिबिराला एकोणीस दिवस होते. "हा अर्ज माझ्याकडं राहू दे," मी म्हणाले. "पुढं पाठवायची मुदत शिबिराच्या आदल्या दिवसापर्यंत आहे."

अशी काही मुदत नव्हती. मी ती तिथल्या तिथं घातली.

त्याच आठवड्यात तालमीच्या हॉलमध्ये मातांची सभा ठरलेली होती. चाळीसेक बायका होत्या. आत्ती आजवर माझ्या एकाही सभेला आल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "माझ्या डबीचं काय बोलतीस ते ऐकायला येतो," आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून आल्या.

सभेची एक रीत वहिनींनी पाडली होती. मी यादीतलं एकेक नाव वाचायचं आणि बायकांनी जोरात 'बंद!' म्हणायचं.

"विडी."

"बंद!"

"सिगारेट."

"बंद!"

अकरा नावं झाली. हॉल दणाणला होता. मी पान उलटलं.

"मिश्री."

"बंद!" दोघी-तिघी नेहमीच्या लयीत ओरडून गेल्या आणि मग त्यांनी तोंडावर पदर धरला. आधी हशा पिकला, मग कुजबुज.

वहिनी खुर्चीतून उठल्या. "आवं मॅडम, ही बारावी कुठनं आली? कालपतर तर अकराच हुती."

"चूक माझी होती, वहिनी." मी पर्समधून त्या महिन्याची किराण्याची यादी काढली आणि सहाही रकाने वाचून दाखवले. साबण, खोबरेल, टूथपेस्ट, आत्तींची मिश्री. मग तो पुडा वर धरला. "हे चित्र शाळेच्या तक्त्यावर आहे. ते मी चिकटवलंय. आणि इतकी वर्षं घरात मिश्री आणणारीही मीच."

"मग आता दात कशानं घासायचं? राखुंडीनं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मॅडम, नवऱ्यांची दारू सोडवा आधी, मग आमच्या डबीला हात लावा."

"एवढं बोटभर लावतो, त्याला काय येसन म्हणत्यात व्हय?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्ती भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "तंबाकूच हाय ती. तीस वर्सं मी तव्यावर भाजलीया, मला शिकवू नका. आणि मी सोडणार न्हाय, उगंच सभेत खोटं कशाला बोलू? माझं आता काय ऱ्हायलंय." त्यांनी दम घेतला. "पण माझ्या नातीचं, हिच्या लेकीचं, दात लै दुखायचं. रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. तरी तिच्या दाताला मी बोट लावलं न्हाय. का लावलं न्हाय? मला ठावं हुतं म्हणून. तुमास्नीबी समद्यास्नी ठावं हाय."

त्या बसल्या. वहिनींचा हात कमरेशी गेला होता, जिथं त्यांची डबी खोचलेली असते, आणि तो तिथंच राहिला होता. त्यांनी विचारलं, नेहमीच्या निम्म्या आवाजात, "दात दुखताना लावली आसंल तर? एकदोनदा?"

"दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडं न्यायचं," मी म्हणाले. "आणि पूर्वी लावली असेल, तर घरी गेल्यावर पोरीला एकदा विचारायचं. रागवायचं नाही."

मी त्यांच्याकडं बघून बोलले नाही. समोरच्या खांबाकडं बघून बोलले. सभेत ठराव एवढाच झाला, की अठराच्या आतल्या कुणाच्या दाताला मिश्री लावायची नाही आणि डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. बाकी ज्याचं त्यानं बघायचं. मी तो ठराव लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मायलेकी ऑफिसात हजर. दोघींचे डोळे सुजलेले. वहिनींनी बसायच्या आधीच विचारलं, "तो अर्ज कुटं हाय?" मी पेपरवेट उचलला. त्यांनी अर्ज घेतला, चार तुकडे केले आणि माझ्याच केराच्या टोपलीत टाकले. "आता पुढचं सांगा."

पुढचं मला येत होतं. त्याच दिवशी शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली. दाढ आतून किडली होती, ती चार वर्षं तशीच बधिर करून ठेवलेली. डॉक्टरांनी ती भरली आणि स्पष्ट सांगितलं, एक दिवस ठरवून बंद करायची, पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, मग कमी होत जाईल. मी एका कागदावर दिवस आखले. रोज तीन चौकोन, सकाळ, दुपार, संध्याकाळ. लावली नाही तर बरोबरची खूण, लावली तर फुली. अट एकच, खोटी खूण करायची नाही. वहिनी म्हणाल्या, "मलाबी एक कागद द्या, असू दे." मी दिला. त्यांनी घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि त्याविषयी पुन्हा बोलल्या नाहीत.

पोरगी रोज प्रार्थनेआधी कागद दाखवून जायची. दुसऱ्या दिवशी वर्गात डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीशी भांडली आणि तिची वेणी ओढली. चौथ्या दिवशी दोन फुल्या. ती दाराशीच थांबली, आत येईना.

"आता काय करायचं?"

"पाचवा दिवस करायचा," मी म्हणाले. "कागदावर जागा आहे की."

सकाळी कोमट पाणी, बोट तोंडात घालायची सवय मोडायला ब्रश, आणि हात रिकामा राहिला की चढाईचा सराव. दहाव्या दिवसानंतर फुल्या आल्या नाहीत. शिबिराच्या दिवशी मी तिची पिशवी यादीप्रमाणं तपासली. बूट, दोन ट्रॅकपँट, टॉवेल, ओळखपत्र, ब्रश. आठ दिवसांचा नवा कागद वरच्या कप्प्यात ठेवला.

दरम्यान गेटवरच्या फलकाचा प्रश्न होता. अकरा ओळींनी तो काठोकाठ भरलेला. पेंटर म्हणाला, सगळा पुसून नव्यानं रंगवूया. मी म्हटलं, नको, आहे त्यात बसव. आता बारावं नाव उजव्या काठाला उभं लिहिलेलं आहे आणि येणारा-जाणारा मान वाकडी करून वाचतो. घरच्या यादीत मी सातवा रकाना काढला, त्याला 'तंबाखू' असं नाव दिलं आणि त्यात आत्तींचा पुडा लिहिला. आत्तींनी यादी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "दोन नगं लिवू. एकच लिव. बघू जातोय का म्हैना." गेले दोन महिने एकावर जातो आहे.

पोरगी आठ दिवसांनी परतली. घसा बसलेला, गुडघा सोललेला. शेवटच्या बारांत नाव आलं नव्हतं, राखीव खेळाडूंत आलं होतं, आणि त्याचा तिला राग होता. कागद तिनं टेबलावर आपटलाच. चोवीस चौकोन. तेवीस खुणा. पाचव्या दिवसाच्या संध्याकाळचा चौकोन मोकळा, आणि खाली कललेल्या अक्षरात, 'एकीकडं डबी हुती. लावलो. लगेच चूळ भरलो. हे काय धरायचं ते तुमी ठरवा.'

मी लाल पेन घेतलं आणि फुली मारली.

"मॅडम! चूळ भरलोय की!"

"भरलीस. पण लावलीस आधी." मी ड्रॉवरमधून पुढच्या महिन्याचा कागद काढून तिच्यापुढं सरकवला. "हा घे. पुढच्या वर्षीच्या निवडीपर्यंत असे अकरा लागतील. मी आखून ठेवलेत."

तिनं फुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बसलेल्या घशानं हसायला लागली. मागं दारात वहिनी उभ्या होत्या. पुढं येऊन त्यांनी ब्लाऊजमधला घामानं मऊ झालेला कागद काढला आणि लेकीच्या कागदाशेजारी पसरला. फुल्याच फुल्या होत्या, ओळीच्या ओळी. शेवटच्या तीन दिवसांत मात्र सकाळच्या चौकोनात एकेक बरोबरची खूण होती.

"सकाळचीच जमलीया," त्या म्हणाल्या. "दुपारची म्हशीचं करताना न्हाय जमत. खोटी लिवलेली न्हाय पण."

लेक तो कागद वाचत राहिली. मी ड्रॉवर परत उघडला आणि दुसरा कागद काढला.